जुना संगणक भंगारात घालण्याआधी

दोंडाईचा आणि शिंदखेडा तालुक्यातल्या दुकानदारांना, दूध संस्था आणि पतसंस्थांच्या सचिवांना, शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना, ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या पोरापोरींना एक विनंती आहे. टेबलावरचा दहा-बारा वर्षांचा संगणक हळू झाला म्हणून तो लगेच काढू नका. आणि कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आणलेलं ‘नवं ऑफिस’ तर त्याच्यावर मुळीच चढवू नका. त्याआधी थोडं ऐकून घ्या.

हे आत्ताच सांगायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही त्याच दिवशी थांबला. घरगुती वापराच्या संगणकाला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेही त्यासाठी नोंदणी केली तर. विंडोज ११ वर जावं म्हटलं तर किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पाहिजे, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पाहिजे, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा पाहिजे. आपल्याकडे बाजारपेठेतल्या आणि खेड्यापाड्यांतल्या टेबलांवर काय आहे? कोअर टू ड्युओ, ड्युअल कोअर, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय थ्री. यांतला एकही त्या यादीत बसत नाही. मग दुकानदार म्हणतो, ‘साहेब, हा आता गेला, नवा घ्या.’ नवा घ्यायला माझी हरकत नाही. पण गरज नसताना संस्थेचे किंवा घरचे पैसे त्यात घालू नयेत, एवढंच म्हणणं आहे.

आधी आपलं काम काय आहे ते बघू. ग्रामसभेची नोटीस, मासिक सभेचा ठराव, बोनाफाईड, विद्यार्थ्यांची यादी, दुधाच्या दहा दिवसांच्या पगाराचा तक्ता, आडतीवरची मिरचीची वजनं, एखादा अर्ज, एखादी लग्नपत्रिकेची यादी. सगळं मिळून पानभर मजकूर किंवा दोनशे ओळींचा तक्ता. दोन पोती मिरची न्यायला कोणी मालट्रक करत नाही. पण संगणकाच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटी तालुक्यातालुक्यात पोचली, सरकारी नोकरीसाठी ती लागू लागली आणि लाखो मराठी माणसांचा हात पहिल्यांदा माऊसवर पडला तो वर्ड आणि एक्सेलमध्येच. त्या अभ्यासक्रमाचे उपकार मोठे आहेत. पण ‘पत्र टाईप करायचं म्हणजे वर्ड, आणि वर्ड म्हणजे सगळ्यात नवं वर्ड’ ही समजूतही तेव्हापासूनच घट्ट बसली.

कमी ताकदीच्या यंत्रावर कामापुरतं सॉफ्टवेअर चालवता येतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले होते. भारतातला तो या योजनेचा पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी आणि साठवायला अवघी १ जीबी जागा. आज आपल्या खिशातल्या स्वस्तातल्या स्वस्त मोबाईलचीही ताकद त्याच्या कितीतरी पट आहे. त्यात लिहिण्यासाठी जो प्रोग्राम होता, तो ॲबीवर्डच्या पायावर उभा केलेला होता. ॲबीवर्डचं काम १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. फुकट, छोटा, पटकन उघडणारा शब्दलेखक. त्या योजनेबद्दल शिक्षणाच्या अंगाने पुष्कळ वाद झाले आणि त्यातले बरेच रास्तही होते. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की २५६ एमबीच्या यंत्रावर वाडीतली पोरं लिहू शकत होती. तुमच्या टेबलावरच्या ‘मेलेल्या’ संगणकात त्याच्या आठपट किंवा सोळापट रॅम आहे.

आता यंत्राकडे येऊ. ‘भो, हाऊ कॉम्प्युटर भलता धिरे चाली ऱ्हायना’ अशी तक्रार घेऊन माणूस दुरुस्तीवाल्याकडे जातो आणि दुरुस्तीवाला विंडोज नव्याने टाकून देतो. आठ दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. त्यापेक्षा स्वतः एकदा बघा. विंडोज १० असेल तर संगणक सुरू करून पाच मिनिटं थांबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. तुम्ही काहीच करत नसताना डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आकडा ठाण मांडून बसला असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही, हार्ड डिस्कचा आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावर एक छोटा दांडा इकडून तिकडे धावत माहिती शोधतो. नव्या विंडोजला एका वेळी शेकडो ठिकाणची माहिती लागते, तिथे त्या दांड्याची दमछाक होते. त्या हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा जोडणीची २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी बसवा. तिच्यात फिरणारा भागच नाही. ज्या संगणकाला सुरू व्हायला चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ लागतो, तो मिनिटाच्या आत हाताशी येतो. जुन्या संगणकावर फक्त एकच खर्च करायचा असेल तर तो हा. दोंडाईचात मिळाली नाही तर धुळ्याला, नंदुरबारला मिळते, आणि तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेला जाणारा कोणी ना कोणी असतोच.

मेमरीचा रकाना ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. २ जीबी असेल तर ४ करा, जमलं तर ८. मात्र विकत घेण्याआधी आपला बोर्ड डीडीआर टूचा आहे की डीडीआर थ्रीचा, हे झाकण उघडून बघा. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. आपल्याकडची धूळ आणि उन्हाळा तर सांगायलाच नको. झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली आणि प्रोसेसरवरच्या जाळीतली धूळ ब्रशने काढा. यंत्र तापलं की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो, ‘दुपारचा फार हळू चालतो.’

त्याच बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की लाईट जाऊन आली की संगणकाची तारीख मागे जाते, कुठेतरी २००९ किंवा २०१२ सालात. मग बँकेची, शाळेची, सरकारची कुठलीच साईट उघडत नाही. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो, कारण साईटचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं. माणूस नेटवाल्याला फोन लावतो, नेटवाला वायर बदलून जातो. दोष असतो त्या सेलमध्ये. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायची सवय लावून घ्या.

यंत्र एवढं सावरलं की मग सॉफ्टवेअर. पहिली निवड लिब्रेऑफिस, यात मला शंका नाही. २८ सप्टेंबर २०१० ला ओपनऑफिसमधून बाजूला होऊन हा प्रकल्प उभा राहिला, ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था तो चालवते. लिहायला रायटर, तक्त्यांना कॅल्क, सादरीकरणाला इम्प्रेस. पूर्ण फुकट, दुकानात वापरा, संस्थेत वापरा, शंभर संगणकांवर टाका. मेनूही मराठीत मिळतात. संस्था कागदावर २५६ एमबी रॅम पुरेल म्हणते. त्यावर जाऊ नका. २ जीबीवर रडतखडत चालेल, ४ जीबीवर नीट चालेल.

ते टाकल्यावर चार जागी हात फिरवा, जुन्या यंत्रावर फरक पडतो. टूल्समधून ऑप्शन्समध्ये जा. ॲडव्हान्स्डमध्ये जावा वापरण्याची खूण असेल ती काढून टाका. ठराव आणि नोटीस लिहायला जावा लागत नाही आणि उघडायला लागणारा वेळ वाचतो. टाईप करताना शब्दाखाली लाल रेघ ओढणारी तपासणी बंद करा. मराठीचा शब्दकोश घातलेला नसेल तर सगळं पानच लाल होतं, त्याचा उपयोग शून्य. लोड-सेव्हमधली ऑटोरिकव्हरी मात्र बंद करू नका. उलट ती दर पाच मिनिटांवर आणा. लाईट कधी जाईल याचा नेम आपल्याला असतो का? यूपीएसची बॅटरी तर बहुतेक ठिकाणी शोभेची झालेली असते. आणि पत्रात संस्थेचा लोगो टाकायचा असेल तर मोबाईलवर काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चिकटवू नका, आधी तो लहान करा. मोठ्या फोटोने फुगलेली फाईल उघडताना संगणक अडखळतो, आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो.

विंडोज ७ वाल्यांसाठी एक सूचना. लिब्रेऑफिसची २५.२ ही विंडोज ७ आणि ८ वर चालणारी शेवटची मालिका. २५.८ पासून त्यांनी जुन्या विंडोजची साथ सोडली. म्हणजे जुनी आवृत्ती चालेल, पण दुरुस्त्या मिळणार नाहीत. विंडोज ७ चा आधार तर १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे. अशा संगणकावर नेटबँकिंग करू नका, एवढं हात जोडून सांगतो. नेटची वायर काढून ठेवा आणि टायपिंग, छपाई, जुने हिशेब पाहणं, एवढ्यापुरता तो ठेवा. त्या कामाला तो अजून दहा वर्षं जाईल.

काही जण म्हणतात, ‘सॉफ्टवेअर कशाला, गूगल डॉक्सवर ऑनलाईन टाईप करू, ते हलकं पडेल.’ २ जीबीच्या यंत्रावर हा हिशेब उलटा आहे. ऑनलाईन कामाला ब्राउझर लागतो, आणि आजचा ब्राउझर हाच जुन्या संगणकावरचा सगळ्यात खादाड प्रोग्राम आहे. चार टॅब उघडले की रॅम संपली. शिवाय गावाकडे नेट गेलं की काम थांबलं. संगणकात बसलेलं लिब्रेऑफिस त्यापेक्षा कितीतरी हलकं. चार माणसांना एकाच यादीवर एका वेळी काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ऑनलाईनला तोड नाही.

यंत्र त्याहूनही थकलेलं असेल, रॅम एक-दीड जीबी असेल आणि वाढवता येत नसेल, तर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकून तिच्यावर ॲबीवर्ड आणि तक्त्यांसाठी ग्नुमेरिक ही जोडी चांगली. ग्नुमेरिकचा पहिला पक्का अवतार २००१ च्या शेवटच्या दिवशी आला. बेरजा, टक्केवारी, सरासरी यांत तो चोख आहे, एक्सेलच्या साध्या फाईलीही उघडतो. मात्र या दोघांच्या विंडोज आवृत्त्या कधीच्या थांबल्या आहेत. कोणी ‘विंडोजसाठी ॲबीवर्ड’ म्हणून कुठल्या तरी साईटवरून उतरवून देत असेल तर ते पुराणं आहे, घेऊ नका. ॲबीवर्डवर काम करणारे थोडे आहेत, सुधारणा सावकाश येतात, आणि वर्डमधल्या गुंतागुंतीच्या फाईली त्यात विस्कटतात. तुमचं काम साधं असेल तरच त्याच्याकडे वळा. आणि हो, विंडोज ७ किंवा १० मध्ये वर्डपॅड आहेच. आपण तो कधी उघडत नाही, पण साधा अर्ज टाईप करून छापायला तो पुरतो. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकला. जुन्या संगणकाचा हाही एक फायदा म्हणा.

आता मराठीचा मुद्दा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जुना संगणक बदलताना आपले लोक अडतात ते इथेच.

कुठलंही नवं सॉफ्टवेअर घेतलं की आधी त्यात एक ओळ टाईप करा: ‘विद्यार्थ्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या अर्जांवर ॲड. साहेबांनी शुद्ध अक्षरात शेरा दिला.’ मग बघा. ‘ऱ्हे’चा अर्धा र नीट वळला का, ‘र्थ्यां’वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढले का, ‘द्ध’ जोडला गेला का, ‘ॲ’ दिसतो की चौकोन येतो. हे पडद्यावर बघून थांबू नका. पीडीएफ करा, ती मोबाईलवर उघडा आणि कागदावरही छापा. तीन ठिकाणी ओळ सारखी आली तर ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचं. नाही आली तर ते कितीही हलकं असो, सोडून द्या.

दुसरी अडचण जुन्या फाईलींची. २००० ते २०१५ च्या काळातले आपल्या संस्थांचे ठराव, शाळांचे दाखले, लग्नपत्रिका, सगळं श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फाँटांत टाईप केलेलं आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम यांनी मराठी छपाईचा एक अख्खा काळ चालवला. पण ते मजकूर युनिकोडमध्ये नाहीत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. सचिव घाबरतो, ‘फाईल करप्ट झाली’ म्हणतो. करप्ट काही झालेलं नसतं. म्हणून जुन्या संगणकावरचं विंडोज पुसण्याआधी महत्त्वाच्या फाईली त्याच संगणकावर उघडून त्यांच्या पीडीएफ करून ठेवा. ज्यांत पुढे बदल करावे लागतील, म्हणजे नियमावली, सभासद यादी, पत्रांचे नमुने, त्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि मूळ प्रतीशी ताडून बघा. परिवर्तक आकडे आणि जोडाक्षरांत चुकतात. सभासदाच्या आडनावातली एक वेलांटी बदलली तर निवडणुकीच्या यादीवर हरकत येते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

फाँटांची चिंता आता राहिलेली नाही. लोहित हा देवनागरी फाँट मूळ मॉड्युलर इन्फोटेकचा, रेड हॅटने तो सगळ्यांसाठी खुला केला. मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँटही फुकट आहे आणि छपाईला देखणा दिसतो. टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांना कुठेच अडचण नाही, विंडोज असो की लिनक्स. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना लिनक्सवर गमभन पद्धतही मिळते. मात्र ज्यांचा हात टायपिंग क्लासमध्ये रेमिंग्टनवर बसला आहे, त्यांनी तसा कीबोर्ड तिथे मिळतो का आणि सगळी अक्षरं जागच्या जागी आहेत का हे आधी तपासावं. पंचवीस वर्षांची बोटं एका दिवसात वळत नाहीत, आणि तसा आग्रह धरणंही बरं नाही.

लिनक्सचं नाव आता दोन-तीनदा आलं. ज्यांचं विंडोज १० आहे आणि नेटवर बसल्याशिवाय भागत नाही, त्यांच्यासाठी सुरक्षित आणि बिनपैशाचा रस्ता तोच आहे. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, विंडोजवाल्याला ती लवकर ओळखीची वाटते. त्याहून कमी असेल तर एमएक्स लिनक्स, आणि फारच जुनं असेल तर अँटीएक्स. कोअर टू ड्युओपासूनचे संगणक ६४ बिटचे आहेत, त्यांना पर्याय पुष्कळ. निव्वळ ३२ बिटच्या यंत्रांचे दिवस मात्र भरत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर देणं बंद केलं. आपल्या सी-डॅकनेही २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली बॉस लिनक्स काढली, भारतीय भाषांची सोय डोळ्यांसमोर ठेवून. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरणही जाहीर केलं. धोरण कागदावर चांगलं आहे, पण आपल्याकडच्या कचेऱ्यांत त्याची सावली फारशी दिसत नाही. केरळात मात्र सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात आणि दहावीची संगणकाची परीक्षाही त्यावरच देतात. त्यांची पोरं शिकली, आपली शिकणार नाहीत असं थोडंच आहे?

लिनक्स लगेच टाकू नका, आधी चाखून बघा. दुसऱ्या चांगल्या संगणकावरून ते ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा, त्या पेन ड्राइव्हवरून आपला संगणक सुरू करा. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. असं दोन दिवस काम करून बघा आणि मुख्य म्हणजे छापून बघा. आपल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असतो. मजबूत यंत्र, पण लिनक्सशी त्याचं जमवताना चांगल्या चांगल्यांचा घाम निघतो. एचपीचे बरेचसे लेझर आणि एप्सनचे शाईच्या टाकीचे प्रिंटर तुलनेने सरळ चालतात. प्रिंटर चालला नाही तर बाकी सगळं चालून काही उपयोग नाही. गिऱ्हाईकाला कागद हातात पाहिजे असतो.

आणि काही जणांनी या वाटेला जाऊच नये. ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे, ज्यांना डिजिटल सहीचा टोकन लागतो, आपले सरकार सेवा केंद्रात जे अंगठ्याच्या मशीनवर आधारची कामं करतात, ज्यांचा छपाईचा धंदा श्रीलिपीवर उभा आहे, त्यांना विंडोज लागणारच. त्यांनी सुरक्षित, आधार असलेलं विंडोज घ्यावं, त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागलं तर घ्यावं, तो खर्च धंद्याचा आहे. पण दुसरा, जुना संगणक टायपिंग-छपाईसाठी बाजूला ठेवता येतो. विविध कार्यकारी सोसायट्यांच्या बाबतीत तर जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तिच्यातून जिथे नवं यंत्र आलं आहे, तिथे पीककर्जाचं काम त्याच्यावर चालू द्या आणि सभेच्या नोटिसा जुन्यावर टाईप करा. दोघांचं आयुष्य वाढेल.

आता त्या पेन ड्राइव्हवरच्या ऑफिसबद्दल. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. ते टाकताना टाकणारा आधी काय करतो ते एकदा नीट बघा. तो अँटिव्हायरस बंद करतो. ‘नाहीतर चालत नाही’ म्हणतो. म्हणजे घराचं दार उघडं ठेवा, मगच मी आत सामान ठेवतो, असा तो सौदा. त्या ऑफिसबरोबर आत काय शिरलं हे सांगणारं मग कोणी उरत नाही, आणि तोच संगणक उद्या संस्थेचं बँक खातं उघडतो. कायद्याचंही ऐका: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी प्रमाणे चोरीची संगणक-प्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकतं, पण दुकान आणि पतसंस्था हा धंदाच आहे. लिब्रेऑफिस फुकट मिळत असताना हा धोका कशासाठी? समोरच्या साहेबाला वर्डचीच फाईल पाहिजे असेल तर लिब्रेऑफिसमधूनही ‘सेव्ह ॲज’ करून डॉकएक्स देता येते. बदल करायचे नसतील तर पीडीएफ पाठवा, ती कुठेही सारखीच दिसते.

एवढं करूनही एखादं यंत्र खरोखरच संपलेलं असेल, बोर्ड गेलेला असेल, तर भंगारवाल्याला द्या, पण हार्ड डिस्क काढून घेऊन द्या. तिच्यात गावातल्या निम्म्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं आणि सातबारे स्कॅन करून ठेवलेले असतात. ‘डिलीट’ केलं म्हणजे गेलं असं नसतं. ती डिस्क पेटीत कुलूपबंद ठेवा, किंवा तिला खिळा मारून निकामी करा.

या रविवारी दुकान-कचेरी बंद असताना दोन कामं करा: महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि ती तीन बटणं दाबून डिस्कचा रकाना बघा. तो १०० दाखवत असेल तर सोमवारी नव्या संगणकाचं कोटेशन मागवू नका, एसएसडीचं मागवा.